अर्धं तिकीट, अख्खी पायरी

प्रति,
खानदेशात धावणाऱ्या बसगाड्या मागवणारे, बांधून घेणारे आणि पास करणारे सर्व साहेब

विषय : जमिनीपासून बसच्या पहिल्या पायरीची उंची

स.न.वि.वि.

मी धुळ्याचा. पस्तीस वर्षं बसची बॉडी बांधायचं काम केलं. आमच्याकडे यायची ती नुसती चासी. सहा चाकं, इंजिन, स्टेअरिंग, आणि तोंडाला रुमाल बांधून, उघड्यावर बसून ती शेकडो किलोमीटर हाकत आणणारा ड्रायव्हर. तिच्यावर सांगाडा उभा करायचा, पत्रा ठोकायचा, बाकं बसवायची, रंग मारायचा आणि गाडी पासिंगला पाठवायची. म्हणजे ज्या पायरीबद्दल आज तक्रार करतोय, तसल्या पायऱ्या माझ्याच हातून शेकड्यांनी जोडल्या गेल्यात. हे आधीच सांगून टाकतो, मागाहून कोणी काढायला नको.

तेव्हा मी तरुण होतो. पायरी मला कधी दिसलीच नाही.

दिसली ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. माझी आक्का शिंदखेडा तालुक्यात दिलेली, वय त्र्याहत्तर. आखाजीला माहेरी यायचं तिचं अजून सुटलेलं नाही, आणि तिला आणायला मुराळी म्हणून मीच जातो. मीही आता सत्तरीला टेकलोय. म्हातारी बहीण, म्हातारा मुराळी, आणि फाट्यावर दुपारी बाराचं ऊन. गाडी आली, डांबरावर थांबली. आम्ही उभे खाली, साइडपट्टीवर. आक्काने आधी पिशवी आत टाकली, मग दांडी धरली, मग पाय उचलला. पाय गेला गुडघ्याएवढा वर, पायरी त्याच्याही वर. "भाऊ, मन्हा पाय तठलोंग जात नही रे," ती म्हणाली. मागच्या बाईने खालून रेटलं, मी काखेत हात घातला, आणि आक्का हातापायांवर रांगत आत गेली. सीटवर बसल्यावर पदराने तोंड पुसत विचारते कशी, "हाई गाडी शे का माडी?"

सगळी गाडी हसली. मीही हसलो. पण पस्तीस वर्षांची सवय, खिशात पट्टी असतेच. उतरल्यावर मापली. सपाट जागेवर जमिनीपासून पहिली पायरी सतरा इंच. फाट्यावरची साइडपट्टी डांबरापेक्षा चार इंच खाली. म्हणजे एकवीस. तुमच्या-माझ्या घराच्या जिन्याची पायरी सहा-सात इंचांची असते, साहेब. आक्काला तीन पायऱ्या एका दमात चढायच्या होत्या, आणि तेही गाडीचं इंजिन गुरगुरत असताना.

ती गाडी कोणाची, कुठल्या आगाराची, हे मी लिहिणार नाही. त्या बिचाऱ्या ड्रायव्हर-कंडक्टरचा त्यात काही दोष नाही, आणि पायरी सगळ्यांची सारखीच.

आता ही पायरी एवढी वर का, ते सांगतो. आपल्याकडे बस म्हणून जे धावतं, ते बहुतेक पुढे इंजिन असलेल्या, ट्रकच्या धाटणीच्या चासीवर बांधलेलं असतं. ट्रकच्या चासीला दोन लांब सरळ गर्डर असतात आणि ते पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या वरून जातात. खाली स्प्रिंगचे पाटे, मोठी चाकं, इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत फिरणारा शाफ्ट. या सगळ्याच्या वर फ्लोअर टाकायचं, म्हणजे ते जमिनीपासून अकराशे मिलिमीटरच्या आसपास जातं. आमच्या भाषेत त्रेचाळीस इंच. सिमेंटच्या गोण्यांना त्रेचाळीस इंचांचं काही वाटत नाही. हमाल पाठीवर घेऊन चढवतात. माणसाला मात्र स्वतःच चढायचं असतं.

या त्रेचाळीस इंचांची वाटणी कशी होते? सतरा, तेरा, तेरा. दोन पायऱ्या आणि मग फ्लोअर. मधे आणखी एक पायरी घातली तर प्रत्येक टप्पा अकरा इंचांवर येईल, कोणीही हिशोब करून बघावं. मग घालत का नाहीत? पहिली पायरी खाली आणली तर ती खड्ड्यात घासते, गतिरोधकावर आपटते. पायऱ्या आतल्या बाजूला वाढवल्या तर फ्लोअर कापावं लागतं आणि दाराशेजारचं एक सीट जातं. सीट म्हणजे रोजचे पैसे. मालक येऊन कानाशी सांगायचा, मिस्त्री, एक सीट वाढवा. मी वाढवायचो. पायरीबद्दल बोलायला कोणती म्हातारी वर्कशॉपात येणार होती?

बाकांमधल्या गल्लीचंही तेच. गाडीची रुंदी कायद्याने जास्तीत जास्त २.६ मीटर. दोन्हीकडच्या भिंती वजा जाता आत राहतात साधारण दोन मीटर चाळीस. एका ओळीत तीन आणि दोन अशी पाच माणसं बसवायची, प्रत्येकाला सोळा इंच दिले तरी दोन मीटर तिथेच संपले. मधे उरते हातभर जागा. त्या हातभर जागेत कंडक्टर, उभे प्रवासी, शाळेची दप्तरं, बाजाराची टोपली. दोन आणि दोन केली की प्रत्येकाला बऱ्यापैकी जागा देऊनही मधे दोन फूट सुटतात. नव्या गाड्यांत हे बरंच सुधारलंय, ते नाकारत नाही.

तुम्ही म्हणाल, मिस्त्री, या सगळ्याला नियम आहेत. आहेत ना! मी ते वाचलेत, तुमच्यातल्या काहींपेक्षा नीट वाचलेत. बसच्या बॉडीसाठी एआयएस-०५२ नावाची संहिता आहे. २००१ साली आली, २००८ साली सुधारली. तिच्यात गाड्यांचे वर्ग पाडलेत. प्रवासी १३ ते २२ असतील तर मिनी, २३ ते ३४ मिडी, ३५ ते ७० स्टँडर्ड, त्याच्या वर हाय कपॅसिटी. आरामाच्या हिशोबाने नॉन डीलक्स, सेमी डीलक्स, डीलक्स, एसी डीलक्स. आणि कामाच्या हिशोबाने चार प्रकार. प्रकार १ शहरातल्या आणि उपनगरांतल्या गाडीचा, यात उभ्या प्रवाशांसाठी जागा आखलेली असते. प्रकार २ एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणाऱ्या गाडीचा, यात उभ्यांसाठी आखलेली जागा नसते. प्रकार ३ लांब पल्ल्याचा, बसलेल्यांच्या आरामासाठी. प्रकार ४ म्हणजे शाळेची गाडी, स्लीपर वगैरे खास कामाच्या गाड्या.

कागद म्हणून हे वर्ग मला पटतात. गाडी कशासाठी आहे हे आधी ठरवा आणि मग तिची दारं, पायऱ्या, दांड्या, बाकं ठरवा, हा त्यामागचा विचार सरळ आहे. प्रश्न एवढाच की धुळ्याहून सोनगीर, नरडाणा करत शिरपूरला जाणारी थांब्याथांब्याची गाडी यातल्या कुठल्या खान्यात बसते? एका शहरातून दुसऱ्या शहरात जाते, म्हणजे प्रकार २. पण सोमवारी सकाळी कॉलेजच्या वेळेला तिच्यात चढून बघा. जेवढे बसलेले, जवळजवळ तेवढेच उभे. दर दोन-चार किलोमीटरला घंटी, पाच उतरले, सात चढले. काम शहरी गाडीचं, देह लांब पल्ल्याच्या गाडीचा. तीच गाडी सकाळी पोरांना शाळेत नेते, म्हणजे थोडी प्रकार ४. रात्री मुक्कामाला खेड्यात, पहाटे परत. खानदेशातल्या कितीतरी लोकांची रोजची गाडी हीच, आणि नेमका हिचाच वर्ग कोणी पाडलेला नाही.

शहरी गाडीच्या बाबतीत मात्र सरकारने डोकं लावलंय. २००८ साली केंद्राच्या नगरविकास खात्याने शहरी बसचे तपशील काढले. त्यात फ्लोअरची उंची तीन प्रकारे सांगितली : ४००, ६५० आणि ९०० मिलिमीटर. चारशे म्हणजे पावणेसोळा इंच, एक पाऊल टाकलं की माणूस आत. साडेसहाशे म्हणजे साडेपंचवीस इंच. नऊशे म्हणजे पस्तीसच्या वर थोडं. मुंबई-पुण्याच्या माणसाला या आकड्यांचा लाभ झाला. नरडाण्याच्या माणसाचा गुडघा वेगळ्या कंपनीचा असतो का?

मी लो फ्लोअरचा आंधळा भक्त नाही, हेही ऐका. चारशेची गाडी आमच्या खेड्यांत आणली तर ती पहिल्याच आठवड्यात गॅरेजला जाईल. गावोगावी लोकांनी स्वतःच घातलेले गतिरोधक, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे फरशी पूल, निम्म्यातच संपलेलं डांबर. शिवाय फ्लोअर खाली आणलं की चाकांचे उंचवटे आत येतात, तिथली बाकं जातात. हे सगळं मला ठाऊक आहे. पण त्रेचाळीस आणि सोळाच्या मधे साडेपंचवीस आणि पस्तीस आहेत! साडेपंचवीसात आठ-साडेआठ इंचांचे तीन टप्पे बसतात. मी स्वतः बांधून दाखवीन.

आता तिकिटाकडे येतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटीत फुकट. १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. बारावीपर्यंतच्या मुलींना घर ते शाळा मोफत. चांगलं केलंत. आमच्याकडे बायका खरोखर बाहेर पडल्या. ज्या वर्षातून एकदा आखाजीला यायच्या, त्या आता कानबाईच्या रोटांच्या सणालाही येतात, दवाखान्यालाही एकट्या जातात. पण याचा अर्थ काय होतो ते बघा. गाडीत आता बायका जास्त, म्हातारी माणसं जास्त, दप्तरवाल्या पोरी जास्त. प्रवासी बदलला आणि गाडी तीच राहिली. तिकीट अर्धं झालं, पायरी अख्खीच आहे. लुगड्यात एकवीस इंच पाय टाकायला किती लाज सोडावी लागते, हे निविदेच्या कागदावर कुठे लिहायचं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुगम वाहतुकीचं कलम आहे. गाडीत दिव्यांगांसाठी सीटही राखीव असतं, त्यावर अक्षरं रंगवलेली असतात. त्या सीटपर्यंत जायला मात्र दोन धडधाकट पाय लागतात.

जाता जाता नावांचं. निमआराम गाडी आधी एशियाड होती, १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांवरून. मग तिची हिरकणी झाली. मिडी बसला नाव दिलं यशवंती. हिरकणी लेकरासाठी रायगडाचा कडा उतरली, यशवंती म्हणजे तानाजीची, सिंहगडाचा कडा चढणारी घोरपड. नावं ठेवणाऱ्याला पायरीची कल्पना असणार, असा मला दाट संशय आहे. फरक एवढाच, कडा चढायची पाळी साध्या लाल गाडीतल्या बाईवर येते.

मिडीचा विषय निघालाच आहे तर सातपुड्याबद्दल लिहितो. धडगाव, मोलगी, तोरणमाळ. तोरणमाळच्या घाटात किंवा चांदसैलीच्या वळणांवर लांब गाडी पुढे-मागे करत घ्यावी लागते. कारण साधं आहे : पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर जेवढं जास्त, तेवढं वळायला मैदान जास्त लागतं. तिथे छोट्या चाकांतराची मिडीच हवी, आणि तिच्यात फ्लोअर नऊशेचं चालेल, खालून दगड लागतात. पण मिडी म्हणजे म्हातारी झालेली, खाली शहरात नकोशी झालेली गाडी, असं समीकरण करू नका. घाटात ब्रेक लागतो तो नव्या गाडीचा. गाडी आली नाही की माणसं जीपच्या टपावर बसतात, मागे लोंबकळतात. तिथे पायरीचा प्रश्नच मिटतो म्हणा.

लांबीचा आणखी एक भोग म्हणजे शेवटचं बाक. मागच्या चाकाच्या मागे गाडीचा जो भाग लोंबतो, तो कायद्याने चाकांतराच्या साठ टक्क्यांपर्यंत चालतो. मालकाला सीटं हवी असतात, म्हणून सगळे साठाला नेऊन टेकवतात. मग चाक खड्ड्यात गेलं की शेवटचं बाक सी-सॉसारखं उडतं. उशिरा चढणारा तिथेच जाणार, आणि उशिरा कोण चढतं? ज्याला एकवीस इंच चढायला वेळ लागतो तो.

आमचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याची गाडी दुपारी उभी असली की तिच्यावर भाकरी भाजावी. सरकत्या काचांची खिडकी कितीही उघडली तरी अर्धीच उघडते, एक काच दुसरीच्या मागे जाऊन बसते एवढंच. छत पांढरं रंगवणं, छताला हवा जायचं झाकण ठेवणं, पत्र्याच्या आत नीट अस्तर घालणं, यात फार पैसा नाही. इंजिन पुढे असलेल्या गाडीत ड्रायव्हरच्या डाव्या मांडीशी भट्टी असते. त्याच्याकडून आठ तास गोड बोलण्याची अपेक्षा ठेवणं मला तरी जमत नाही.

खाजगी स्लीपरबद्दल थोडक्यात, कारण पुण्या-मुंबईला आणि सुरतेला आमची पोरं त्यातूनच जातात. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ एक गाडी डाव्या कुशीवर उलटली आणि पेटली, पंचवीस माणसं गेली. आपल्याकडे दार डावीकडेच असतं. गाडी त्याच अंगावर पडली की दार जमिनीखाली. म्हणून तर उजवीकडे, मागे आणि छताला संकटकाळी बाहेर पडायची वाट ठेवायची असते. ती नियमात असते. पासिंगच्या दिवशी गाडीतही असते. पुढे तिच्यासमोर जादा बर्थ येतो, काचेवर पडदा खिळवला जातो, हातोडी गायब होते. पास करणाऱ्या साहेबांनी पासिंगनंतर सहा महिन्यांनी ती गाडी एकदा रात्री बघावी. बर्थ कोणी जोडला, हे आमच्यातल्या कोणालाही विचारा, खालच्या आवाजात का होईना, सांगेल.

हे सगळं आत्ताच का लिहितोय? कारण आत्ता गाड्या बदलायची वेळ आहे. पुण्याहून नगरला पहिली एसटी धावली १ जून १९४८ ला. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ ला, त्याच रस्त्यावर विजेची शिवाई धावली. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने पीएम ई-बस सेवेला मंजुरी दिली : दहा हजार विजेच्या गाड्या, बारा, नऊ आणि सात मीटरच्या, तीन लाखांच्या वर वस्ती असलेल्या शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत जळगाव साडेचार लाखांच्या वर होतं आणि धुळे पावणेचार लाखांना टेकलेलं. दोन्ही शहरं त्या मापात बसतात.

आणि विजेच्या गाडीत आमच्या जुन्या सबबी चालत नाहीत. पुढे इंजिन नाही, फ्लोअरखालून जाणारा लांब शाफ्ट ठेवायलाच हवा असं नाही, बॅटऱ्या छतावर किंवा मागे नेता येतात. फ्लोअर खाली आणायला आता लोखंड आडवं येत नाही. आड येईल ती निविदेतली एक ओळ. तिथे नुसतं "बस, बारा मीटर, एसी" एवढंच लिहिलंत, तर जो स्वस्त देईल तो जुनाच उंच सांगाडा घेऊन येईल, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं आमच्या लेकी-सुनांच्या आक्का होईपर्यंत तो धावेल.

म्हणून मागणं एवढंच. ऑर्डर देताना आधी मार्ग लिहा, मग गाडी लिहा. जळगाव-धुळ्याच्या शहरी फेऱ्यांना दोन दारं आणि रस्ता झेपेल तेवढं खालचं फ्लोअर. थांब्याथांब्याच्या गाडीला साडेसहाशेचं फ्लोअर, आठ-नऊ इंचांच्या पायऱ्या, दाराच्या दोन्ही बाजूंना धरायला लांब दांडी, आणि दाराशी टोपली-गोणी ठेवायला एका सीटची मोकळी जागा. त्या एका सीटचं नुकसान कसं भरून निघतं ते मीच तुम्हाला हिशोबात दाखवून देतो : एक म्हातारी चढायला जेवढा वेळ लागतो, तो दिवसभराच्या थांब्यांनी गुणा. फाट्यावर साइडपट्टी डांबराच्या पातळीला आणून दहा हात फरशी टाका, हे बांधकाम खात्याचं काम, पण त्यांना सांगायला कोणीतरी गेलं पाहिजे ना. आणि नवी गाडी घेण्याआधी नमुन्याची एक गाडी आठवडे बाजाराच्या दिवशी एखाद्या फाट्यावर उभी करा. तीन बायकांना, पिशव्यांसकट, चढायला लावा. तुमच्यातला एक साहेब लुंगी नेसून चढला तरी चालेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
धुळ्याचा एक निवृत्त बॉडी मिस्त्री

ता.क. — आक्काच्या फाट्यावर चहाची टपरी आहे. गाडी आली की टपरीवाला पोरगा केळीचं रिकामं कॅरेट पालथं करून दारापुढे सरकवायचा, म्हाताऱ्या त्यावर पाय देऊन चढायच्या. आखाजीच्या आठवड्यात ते कॅरेट तुटलं. मी घरी पडलेल्या अँगलचे तुकडे जोडून लोखंडी पायरी केली, वर चेकर्ड पत्रा, दहा इंच उंच, आणि नेऊन दिली. महिन्याभरात ती चोरीला गेली. दुसरी केली. ती आता निंबाच्या झाडाला साखळीने बांधलेली असते, किल्ली टपरीवाल्याकडे.